डिग्रीची फिल्म अर्धी, हातात ९६ दिवस: सोलापुरात घरी बसून पूर्ण करतेय, सल्ला हवाय

रेषा_पूर्वभाग | १६ जानेवारी

नमस्कार. इथं बऱ्याच दिवसांपासून वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज पुण्याचं. शेवटच्या सत्राला तास नसतात, आपापली फिल्म पूर्ण करून ज्युरीपुढं ठेवायची असते. तिथल्या खोलीचं भाडं झेपेना म्हणून दिवाळीनंतर सोलापूरला घरी आले. अशोक चौकाजवळ आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आज्जी विड्या वळते, मागच्या खोलीत माझा लॅपटॉप. भिंतीला लागून शेजाऱ्यांचे चार माग, ते सकाळी सातला सुरू होतात. सध्या गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा चालू आहे, सगळी गल्ली होम मैदानावर. मी यंदा यात्रेतल्या अक्षता सोहळ्यालाही गेले नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

फिल्म आज्जीवरच आहे. रात्री ती पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते. पहाटे पानावर पत्रा ठेवून कात्रीनं कापते आणि मग दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळत बसते. हजार विड्या म्हणजे पंचवीसची चाळीस बंडलं. फिल्ममध्ये एक लहान मुलगी तिच्या शेजारी बसलेली असते. पानांच्या वासात तिचा डोळा लागतो आणि ते पान तिला घेऊन जातं जंगलात, जिथून ते आलं तिथं. झाडं, वारा, पाखरं. मुलगी जागी होते तेव्हा आज्जी वळतेच आहे.

आता अडचण. ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांवर वेळ बसवलेला फिल्मचा आराखडा, ६ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. रंगासकट तयार झालेत फक्त ८० सेकंद. ज्युरी २२ एप्रिलला. सगळं क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं काढतेय, लॅपटॉप आठ जीबी रॅमचा. सर म्हणतात जंगल काढून टाक. पण जंगलासाठीच तर मी ही फिल्म घेतली.

दुसरं म्हणजे पोर्टफोलिओ. वर्गातल्या बहुतेकांच्या रील, म्हणजे निवडक शॉट जोडून केलेले कामाचे छोटे व्हिडिओ, तयार आहेत. माझ्याकडं फिल्म सोडून दाखवण्यासारखं काही नाही आणि फिल्मही अर्धी. मे महिन्यात स्टुडिओंकडं अर्ज सुरू होतील. फिल्म बाजूला ठेवून आधी रील करू का? रात्री झोप लागत नाही या विचारानं.

---

चौकट_चोवीस | १६ जानेवारी

मूळचा सोलापूरचाच, साखर पेठेतला. अकरा वर्षं टू-डी ॲनिमेशनमध्ये आहे, आता मुंबईत. आधी हिशेब करू, झोप त्यानंच लागेल.

सेकंदाला चोवीस फ्रेम. तू ‘टू’वर काढत असणार, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं, सेकंदाला बारा चित्रं. ६ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ४०० सेकंद, ४,८०० चित्रं. ८० सेकंद झालेत म्हणजे ९६० चित्रं. उरली ३,८४०. दिवस ९६. रोजची चाळीस. रेघ स्वच्छ करून, रंग भरून रोज चाळीस चित्रं एकट्या माणसाच्यानं होत नाहीत, मग आवाज आणि एडिटिंग कधी करणार? वीस होतात. वीसच्या हिशेबानं १,९२० चित्रं, म्हणजे १६० सेकंद. आधीचे ८० मिळवले की २४०. तुझी फिल्म चार मिनिटांची आहे. आज हे मान्य केलंस तर ती चांगली चार मिनिटांची होईल. नाहीतर एप्रिलमध्ये तुझ्या हातात पावणेसात मिनिटांची अर्धवट फिल्म असेल, ज्यात निम्म्या ठिकाणी पेन्सिलच्या रेघा दिसताहेत. अशा फिल्म मी दरवर्षी बघतो. मुलं रडवेली होऊन सांगतात, सर इथं पाऊस पडणार होता.

प्रत्येक सेकंदाला बारा नवी चित्रं लागतातच असंही नाही. आज्जी नुसती बसलीय, तेव्हा फक्त हात हलू देत. धड एका थरावर, हात दुसऱ्या थरावर. स्थिर चित्र आठ फ्रेम ठेवलं तरी कुणी मरत नाही, मात्र पापणी एकदा लवली पाहिजे. असे शॉट वेगळे काढ आणि वाचलेली चित्रं जिथं खरंच हालचाल आहे तिथं घाल.

आणि रीलसाठी फिल्म बाजूला ठेवू नकोस. फिल्ममधूनच रील निघेल. त्यावर नंतर लिहितो.

---

कुंभारीकर | १७ जानेवारी

मी कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत राहते. माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या, मी बारावीपर्यंत वळल्या. ताई, एकच विनंती. आमच्या आयांना नुसत्या बिचाऱ्या दाखवू नका. कॅमेरा घेऊन येणारे सगळे खोकणारी म्हातारी आणि अंधारी खोली एवढंच नेतात. खोकला आहेच, तंबाखूची धूळ आहेच. आमच्या मजुरीचं रडणं खोटं नाही. पण वळताना बायका गातात, भांडतात, मालिकेतल्या सुनेला शिव्या घालतात, पोरांचे पाढे घेतात. माझा तेराचा पाढा आईनं विडी वळत पाठ करून घेतला. कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या वेळी बाजूला काढलेल्या विड्यांवरून ती मुनीमाशी जी हुज्जत घालायची, ती बघायला पाहिजे होती तुम्ही.

---

भीमाकाठ | १७ जानेवारी

विषय चांगला आहे, पण विडी दाखवायची म्हटल्यावर अडचण येणार नाही का? चित्रपटगृहात कुणी विडी ओढताना दिसलं की खाली आरोग्याचा इशारा येतो.

---

रेषा_पूर्वभाग | १७ जानेवारी

@भीमाकाठ, फिल्ममध्ये कुणीच विडी ओढत नाही. आज्जीनंही जन्मात कधी ओढली नाही. तरी ज्युरीला विचारून घेते.

@कुंभारीकर ताई, तुमची पोस्ट वाचून मी माझे पहिले ८० सेकंद परत बघितले. त्यात आज्जी एकदाही बोलत नाही. खरी आज्जी दिवसभर बोलते, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही कळत नाही.

@चौकट_चोवीस दादा, हिशेब वहीत लिहून भिंतीवर चिकटवला. चार मिनिटं मान्य. पण जंगलच दोन मिनिटांचं आहे, झाडाची पानं सगळी हलती. त्याचं काय करू? वीस सेकंदांत जंगल उभं राहत नाही माझ्याकडून.

---

जकार्ड_मास्तर | १८ जानेवारी

ॲनिमेशनमधलं मला काही कळत नाही. मी चादरीची डिझाइनं काढतो, पस्तीस वर्षं झाली. तरी वाचताना वाटलं की आपलं काम सारखंच आहे, म्हणून लिहितो.

आम्ही नक्षी ग्राफच्या कागदावर काढतो. एक घर म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा जिथं एकमेकांना भेटतात ती जागा. ग्राफच्या एका ओळीला एक कार्ड. कार्डात भोक पाडलं की तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसलं की खाली राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. सहाशे ओळींची नक्षी असली की सहाशे कार्डं, दोरीनं एकाला एक शिवलेली, मागावरच्या जकार्ड यंत्रावर फिरत राहतात. आता बरेच जण कंप्युटरवर काढतात, पण घरं मोजायची सुटका नाही.

चादरीवरचा मोर बघा. लांबून त्याची मान गोल दिसते. जवळ जाऊन बघा, कुठंच गोल नाही, सगळ्या पायऱ्या. गोल काढता येतच नाही, घरं चौकोनी. दोन घरं पुढं, एक वर. परत दोन पुढं, एक वर. मग एक पुढं, एक वर. मग एक पुढं, दोन वर. कुठली पायरी लांब ठेवायची आणि कुठली आखूड, यावर मोराची मान ठरते. नवीन पोरं सगळ्या पायऱ्या सारख्या काढतात, आणि मान काठीसारखी येते.

आणखी एक. सगळी चादर नक्षीनं भरत नसतात. मध्ये साधी जमीन सोडावी लागते, तेव्हा मोर दिसतो.

---

चौकट_चोवीस | १८ जानेवारी

मास्तर, तुम्ही जे लांब-आखूड पायऱ्यांचं सांगितलं त्याला आम्ही स्पेसिंग म्हणतो. हात उचलताना पहिली चित्रं जवळजवळ, मध्ये लांब लांब, टेकताना परत जवळ. सारख्या अंतरावर काढली की हात यंत्राचा वाटतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली होती. रेषा, हा प्रतिसाद छापून टेबलावर लाव.

---

कुंभारीकर | १९ जानेवारी

जंगलाबद्दल सुचलं ते सांगते. तुमच्याकडं कातरण काय करता? पान कापल्यावर कडेचे जे तुकडे उरतात ते. लहानपणी आम्ही त्याचे पक्षी करायचो. दोन तुकडे आडवे ठेवले की पंख, एक उभा की चोच. फरशीवर अख्खं जंगल मांडायचो आणि आई झाडून टाकायची. तुमचं पान जिथून आलं ते जंगल त्याच पानाचं केलं तर?

---

रेषा_पूर्वभाग | १९ जानेवारी

ताई! मी आत्ता उठून सुपाखालचं कातरण गोळा करून आले. आज्जी विचारतेय, बिड्डा, काय शोधतेस.

---

रेषा_पूर्वभाग | ११ फेब्रुवारी

तीन आठवडे गायब होते. जे जे झालं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

जंगल आता कातरणाचं आहे. हातानं काढायचं नाही, खऱ्या पानांचे तुकडे काचेवर मांडून वरून फोटो काढायचे, तुकडे जरासे सरकवायचे, परत फोटो. मोबाइल आडवा धरायला स्टँड नव्हता. बाबांनी मागाच्या जुन्या लाकडी पट्ट्यांचा करून दिला. त्याला दोन स्क्रू आणि कांडीचं रबर.

पहिल्या रात्री १४० फोटो काढले. सकाळी चालवून बघितलं तर सगळं जंगल थरथरत होतं, उजेड कमी-जास्त होत होता. कारणं दोन निघाली. एक, मोबाइल प्रत्येक फोटोला आपल्या मनानं उजेड ठरवत होता. कॅमेऱ्याची सगळी मापं कायम करून ठेवल्यावर ते गेलं. दुसरं कारण आमची वीज. भिंतीपलीकडचे माग रात्री बंद-चालू होतात, तेव्हा दाब खालीवर होतो आणि दिवा डोळ्यांना कळणार नाही इतका मंद होतो. फोटोला कळतो. आता चार्जिंगच्या दिव्यावर शूट करते, त्याला भिंतीतल्या विजेशी देणंघेणं नाही.

तिसऱ्या रात्री नवीनच. तुकडे सुकले की वळतात. झाडाचा शेंडा तासाभरात आपोआप आत मुडपायला लागला. मी नखानं दाबून सपाट करत होते, तर पान फाटलं. आज्जी लघवीला उठली होती, ती तिथंच बसली. म्हणाली, कोरडं पान कुणाचं ऐकत नाही. तिनं ओलं फडकं आणलं, तुकडे त्यात झाकून ठेवले, लागेल तेवढाच बाहेर काढायचा म्हणाली. मग बराच वेळ माझ्या शेजारी बसून एकेक तुकडा हातात देत होती. पहाटे तीनला तिनं स्वतःच्या मनानं एक तुकडा सरकवला. तो पक्षी फिल्ममध्ये आहे, तिनं सरकवलेला तसाच.

जंगल ३४ सेकंदांचं झालं. अकरा रात्री लागल्या. चौकट दादा, हिशेबात बसतंय ना?

---

चौकट_चोवीस | ११ फेब्रुवारी

बसतंय. आणि हातानं काढलेल्या दोन मिनिटांपेक्षा हे कितीतरी चांगलं आहे. स्टँडचा फोटो काढून ठेव, पोर्टफोलिओत लागेल.

---

भीमाकाठ | १२ फेब्रुवारी

वाचून फार बरं वाटलं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम घेऊन टिपली होती, ती दाखवून भांडवल उभं केलं. १९१३ च्या आधीची गोष्ट. कुंडीपुढं कॅमेरा लावून दिवसेंदिवस वाट बघत बसलेला माणूस डोळ्यांपुढं आला.

---

एक_आई_जुळे_सोलापूर | १३ फेब्रुवारी

धागा सोडून विचारते, राग मानू नका. माझा मुलगा बारावीला आहे, दिवसभर चित्रं काढतो आणि ॲनिमेशनच करायचं म्हणतो. घरी इंजिनिअरिंगचा आग्रह. खाजगी संस्थांच्या फी लाखांत आहेत. यात पोट भरतं का, खरं सांगा. रेषाची कहाणी वाचून आनंद होतो आणि भीतीही वाटते.

---

चौकट_चोवीस | १३ फेब्रुवारी

ताई, खरं सांगतो. सुरुवातीचा पगार कमी असतो, पहिली दोन-तीन वर्षं मुंबईत खोली शेअर करूनच काढावी लागतात. काम प्रकल्पावर असतं, प्रकल्प संपला की मध्ये रिकामे महिने येतात. हे सगळं माझ्या वाट्याला आलं आणि तरी मी टिकलो, कारण हात तयार होता.

फी भरण्याआधी दोन गोष्टी करा. सरकारी संस्था बघा: अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था आहे, आयआयटी मुंबईत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे. प्रवेश परीक्षा कठीण, पण तयारीनंच मुलाचा हात सुधारेल. दुसरं, घरात जो कंप्युटर आहे त्यावर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर टाकून द्या. फुकट आहे. २०२५ ला ज्या लॅटव्हियन ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्ये केलेला आहे. क्रिता फुकट, टू-डी ॲनिमेशनचं ओपनटूंझ फुकट. सहा महिने मुलाला एक उडी मारणारा चेंडू आणि एक चालणारा माणूस करू दे. त्यानंतरही तो त्याच उत्साहानं बसत असेल तर अडवू नका. ज्या संस्था फक्त सॉफ्टवेअर शिकवून नोकरीची हमी देतात, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

---

रेषा_पूर्वभाग | १४ मार्च

ऊन सुरू झालंय. लॅपटॉप दुपारी हात लावू देत नाही, म्हणून वेळापत्रक उलटं केलं: पहाटे चार ते दहा काम, दुपारी झोप, रात्री परत. पाणी येतं त्या दिवशी सगळंच कोलमडतं, चार-पाच दिवसांनी येतं म्हटल्यावर घरातली प्रत्येक कळशी भरायची असते. चित्रं रोज अठरा ते बावीस होताहेत. एकूण १९६ सेकंद तयार.

आज आवाजाबद्दल लिहायचंय. मला आज्जीच्या हातांचा आवाज हवा होता. कात्रीचा कचकच, पान मुडपताना होणारी बारीक करकर, दोरा तोडल्याचा टक्. आणि आमच्या घरात दिवसा फक्त मागांचा खडखडाट. दारं बंद केली, रजया लावल्या, काही उपयोग नाही. रात्री माग थांबले की आज्जी झोपलेली.

परवा दुपारी पावणेतीनला वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. असं झालं की पहिले काही क्षण कानात वाऱ्यासारखा आवाज राहतो, मग तोही जातो. एरवी वीज गेली की आमच्याकडं सगळे वैतागतात, बाणा (आडवा धागा) तुटला, मजुरी बुडाली. बाबाही वैतागले. मी मोबाइल घेऊन पळत पुढच्या खोलीत गेले. आज्जीचे हात थांबलेले नव्हते, तिला वीज लागतच नाही. सतरा मिनिटं मिळाली. त्यात तिनं शेजारच्या बाईला मारलेली हाकही आहे आणि शेवटी सगळे माग परत एकदम सुरू होतात तेही आहे. फिल्मचा शेवट मी त्यावरच करणार आहे. मुलगी जागी होते, वीज येते, माग सुरू.

आता पोर्टफोलिओचं सांगा ना. आठ दिवस त्याच त्या पानावर अडकलेय.

---

चौकट_चोवीस | १५ मार्च

सांगतो, मला जसं जमलं तसं.

रील दीड मिनिटाच्या वर नको. सगळ्यात चांगला शॉट पहिला. बघणाऱ्यापुढं दिवसाला ढीग असतो, पंधरा सेकंदांत तो ठरवतो. दोन चांगल्या शॉटमध्ये एक कच्चा टाकलास तर त्याला कच्चाच आठवतो. सुरुवातीला आणि शेवटी नाव, तुला कुठलं काम हवंय ते, फोन, ईमेल. गाणं लावू नकोस, लावलंस तर ते बंद करून बघतात. ग्रुपमध्ये केलेल्या कामात तू नेमकं काय केलंस ते त्या शॉटखाली लिही. दुसऱ्याच्या रंगकामाचं श्रेय चुकूनही घेऊ नकोस, हे क्षेत्र लहान आहे, चार माणसांत गोष्ट कळते.

शिकवणीतला उडता चेंडू आणि वजन उचलणारा माणूस काढून टाक. ते सगळ्यांकडं सारखंच असतं.

---

पडद्यामागे | १५ मार्च

मी हैदराबादला गेमच्या कंपनीत आहे, नवीन मुलांचे पोर्टफोलिओ बघायचं काम बरीच वर्षं करतेय. चौकट यांच्याशी एका बाबतीत माझं मत वेगळं. रील हवीच, पण मी रीलपेक्षा स्केचबुकवर जास्त वेळ घालवते. रील घासूनपुसून काढलेली असते, वहीत हात कसा आहे तो दिसतो. रेषा, तुमच्या आज्जीच्या हातांचे किती अभ्यास केलेत? खोडलेले, चुकलेले सगळे जपून ठेवा. विडी बांधतानाचा एकच क्षण पन्नास वेळा काढलेला असेल तर ते एक पान माझ्यासाठी पुरेसं आहे.

पीडीएफ पंधरा-वीस पानांची करा. एका पानावर एकच गोष्ट. आधी फिल्मची सहा-सात पानं: एक स्टोरीबोर्ड (शॉटचा चित्रांतला आराखडा), तोच शॉट कच्चा, तोच शॉट तयार. मग कातरणाच्या जंगलाची दोन पानं, स्टँडच्या फोटोसकट, कारण तिथं तुम्ही अडचण कशी सोडवली ते कळतं. मग वही. एवढ्यावर थांबा. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. लिंक उघडत नाही म्हणून मी किती मुलं सोडून दिलीत, मला वाईट वाटतं पण वेळ नसतो.

आणि तुम्हाला तेलुगू येतं हे बायोडेटात ठळक लिहा. सोलापूरच्या मुलांना हैदराबाद जवळ आहे, भाषा आहे, तरी सगळे पुण्या-मुंबईकडंच बघतात.

अजून एक. टेस्ट म्हणून कुणी आठ-दहा दिवसांचं काम फुकट करून मागत असेल तर नाही म्हणा. खरी टेस्ट एक-दोन दिवसांची असते.

---

रेषा_पूर्वभाग | १६ मार्च

वह्या मोजल्या. हातांची ३१२ चित्रं आहेत, बरीचशी हजेरीच्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. मला वाटत होतं ही कच्ची, दाखवायची नसतात. आज बसून त्यातली चोवीस निवडली. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या लिलावाची दोन आणि एसटी स्टँडवर झोपलेल्या माणसांची चारही घालतेय.

---

रेषा_पूर्वभाग | ६ एप्रिल

वाईट बातमी. काल रात्री हार्डडिस्क पडली. टेबलावरून फरशीवर, माझ्याच कोपराचा धक्का. लागत नाहीये. शेवटचे दोन शॉट, २६ सेकंद, फक्त त्यातच होते. सोळा दिवस उरलेत. लिहायला सुचत नाही.

---

चौकट_चोवीस | ६ एप्रिल

आधी जेवून घे. डिस्क परत परत लावून बघू नकोस, आत आवाज येत असेल तर आणखी बिघडते. कच्च्या रेघांची निर्यात केलेली व्हिडिओ फाइल कुठं आहे का? सरांना दाखवायला मोबाइलवर पाठवली असशील. सापडली तर तीच खाली ठेवून त्यावरून गिरवता येईल. टायमिंग ठरलेलं आहे, विचार झालेला आहे, फक्त रेघ परत ओढायची. पहिल्यांदा लागले त्याच्या निम्म्यात होईल.

---

रेषा_पूर्वभाग | ६ एप्रिल

सापडली. सरांना पाठवलेल्या मेसेजमध्ये दोन्ही शॉट आहेत, अंधूक, पण आहेत.

---

जकार्ड_मास्तर | ७ एप्रिल

पोरी, एकदा आमच्या कार्डांच्या माळेला उंदीर लागले होते. अडीचशे कार्डं परत पंच केली. दुसऱ्यांदा केलेला मोर जास्त चांगला आला होता. कुठं पायरी चुकली होती ते आधीच माहीत होतं. कर सुरू.

---

रेषा_पूर्वभाग | २४ एप्रिल

ज्युरी झाली. फिल्म ४ मिनिटं ६ सेकंदांची, श्रेयनामावलीसकट. हरवलेले दोन्ही शॉट अकरा दिवसांत झाले, आणि मास्तर, खरंच आधीपेक्षा चांगले आले. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले, सगळ्यांच्या फिल्म दाखवून होईपर्यंत संध्याकाळ झाली. ज्युरीतल्या एका बाईंनी वीज जाते तो भाग दोनदा बघितला. पडद्यावर माग एकदम थांबले तेव्हा खोलीतही कुणी हललं नाही. जंगल थोडं लांबलंय असं एकांचं मत पडलं. श्रेयनामावलीत पक्ष्यासाठी आज्जीचं नाव आहे.

हैदराबादच्या दोन ठिकाणी आणि मुंबईत एका ठिकाणी पीडीएफ पाठवली. एकीकडून टेस्टचं बोलावणं आलंय, दोन दिवसांची.

काल रात्री घरी दाखवली. पुढच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर लावली, शेजाऱ्यांकडून प्रोजेक्टर मागून आणला. आज्जी आणि गल्लीतल्या सात-आठ बायका. पक्षी आल्यावर आज्जीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. सगळ्या हसत होत्या, स्वतःच्या घरातले आवाज ओळखत होत्या. संपल्यावर मी आज्जीला विचारलं, कशी वाटली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हात बरोबर आहेत बिड्डा. पण ती सारखी हाताकडं का बघतेय?

मला कळलं नाही. म्हणाली, मी कधी हाताकडं बघते काय? हात त्याचं त्याचं करतो. मी दाराकडं बघत असते. तुझा आज्जा मागावरून कधी येतो, पोरं शाळेतून कधी येतात, तू कधी येतेस.

मी सहा महिने तिच्या हातांची चित्रं काढत होते. मान खाली घालून, हातांकडं बघत.

आज सकाळी तिच्या समोर नुसती बसले, वही न घेता. खरंच एकदाही खाली बघितलं नाही तिनं. पान उचललं, तंबाखू भरली, वळली, बांधली, डोळे दाराबाहेर.

मेपासून महोत्सवांना फिल्म पाठवायची आहे, तोवर बदलता येईल. धड वेगळ्या थरावर आहे म्हणून फक्त मान आणि डोळे परत काढायचे. मोजलं, ८८ चित्रं. रोजच्या वीसनं साडेचार दिवस. दार उजवीकडं आहे.

---

कुंभारीकर | २४ एप्रिल

आईला वाचून दाखवलं. ती विडी वळत होती. दाराकडंच बघत होती.